आजोबांच्या मेडलवरचं '१९४५-४६' आणि जावातल्या हरलेल्या-जिंकलेल्या लढाया

माणदेशी_मन्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

दिवाळीत गावाकडं माळा आवरायला काढला. तिथं तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, पत्र्याची ट्रंक सापडली. तात्या मराठा पलटणीत होते. बेळगावला भरती झाले, बर्मा-आसामच्या बाजूला लढले आणि फाळणीच्या वर्षी घरी येऊन नांगराला लागले. मी सहावीत असताना गेले. लढाईचं कधी काही बोलले नाहीत. कुणी फारच खोदलं तर "संगशकला लई मेले" एवढं सांगायचे आणि बैलांकडं जायचे. आमचा मर्द्या बैल त्यांचा फार लाडका, घरातल्या माणसांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायचे.

अजून एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला, 'जावा'. लहानपणी मला वाटायचं तात्यांकडं जावा गाडी होती आणि ती कुणीतरी ढापली.

ट्रंकेत एक फाटका खाकी कोट, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, एक मेडल आणि एक नोट निघाली. मेडलची फीत जांभळी, मधे हिरवा पट्टा. फितीवर चांदीसारखी आडवी पट्टी, तिच्यावर 'एस. ई. एशिया १९४५-४६'. नोटेवर रोमन अक्षरात 'डाई निप्पॉन' आणि दहा 'रूपिया'. एका बाजूला मुकुट घातलेला कुणीतरी नाचतोय.

प्रश्न साधा आहे. जपानने ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती पत्करली, महायुद्ध संपलं. मग १९४६ पर्यंत तात्या कुणाशी लढत होते?

---

शंकासूर

जावा गाडी ढापली =)) =))

बाकी धागा भारी. जाणकार येईपर्यंत बसतो इथंच, चहा घेऊन.

---

पंतोजी_निवृत्त

मन्या, तुमच्या तात्यांची लढाई जपान्यांशी नव्हती. ती इंडोनेशियन स्वातंत्र्यसैनिकांशी होती. ऐकायला बरं वाटणार नाही, पण मेडल तेच सांगतंय.

संगशक म्हणालात म्हणून एक अंदाज बांधतो. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या संगशकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. ती ४९ व्या भारतीय ब्रिगेडमधली. त्याच ब्रिगेडमध्ये मराठ्यांची सहावी बटालियनही होती आणि सोबत राजपुताना रायफल्स. हीच ब्रिगेड २५ ऑक्टोबर १९४५ ला पूर्व जावातल्या सुराबाया बंदरात उतरली. ब्रिगेडियर होता मॅलबी.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. इंडोनेशिया ही डचांची वसाहत, १९४२ साली ती जपानने घेतली. जपान पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ ला, तिथले पुढारी सुकार्णो आणि हात्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. डचांकडं तेव्हा फौज नव्हती, त्यांचा देश नुकताच जर्मनांच्या तावडीतून सुटलेला. मग जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि छावण्यांतले युरोपीय कैदी सोडवायचे हे काम आलं ब्रिटिशांकडं. ब्रिटिशांकडं माणसं कुठली? आपलीच.

इंडोनेशियनांना उघड दिसत होतं की ब्रिटिशांच्या मागून डच येणार. आणि सुराबायात त्यांच्या हातात काठ्या-बांबूच होते असं समजू नका. तिथला जपानी व्हाइस ॲडमिरल शिबाता याने आपली कोठारं त्यांना खुली करून दिली होती. रायफली, मशीनगन, रणगाडे, सगळं.

मॅलबीने स्थानिक पुढाऱ्यांशी बोलून तडजोड केली, की आम्ही तुमची हत्यारं काढून घेणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, २७ तारखेला, जकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रकं टाकली : ४८ तासांत हत्यारं खाली ठेवा. ही वरच्या हाफिसातली हुशारी. मॅलबीला स्वतःला ठाऊक नव्हतं म्हणतात. शहराला वाटलं, गोऱ्याने शब्द फिरवला. २८ ला सगळं सुराबाया अंगावर आलं. ब्रिगेड चार हजारांच्या आसपास आणि तीही गावभर विखुरलेली : कुठं शाळेत वीसजण, कुठं टेलिफोन हाफिसात पंधरा. समोर वीस हजार शिपाई आणि लाखभर जमाव. कित्येक ठाण्यांवर गोळ्या संपेपर्यंत लढले आणि मग कापले गेले.

बाकीची ब्रिगेडही गेली असती. ब्रिटिशांनी २९ ला खुद्द सुकार्णोंना विमानात घालून आणलं आणि त्यांच्या शब्दावर जमाव थांबला. ज्या सरकारला मान्यता द्यायला तयार नव्हते, त्याच सरकारच्या अध्यक्षाला आपले शिपाई वाचवायला बोलवावं लागलं! माझ्या मते रिपब्लिकची, म्हणजे नव्या इंडोनेशियाची, पहिली जीत ही.

तात्या नेमके तिथं होते की नव्हते हे मी सांगू शकत नाही. मेडलच्या कडेवर बघा, नंबर आणि नाव कोरलेलं असतं.

---

माणदेशी_मन्या

सर, सुन्न झालो वाचून. कडेवर नंबर आहे, नाव आहे आणि नुसतं 'मराठा' आहे. बटालियन नाही.

मॅलबीचं पुढं काय झालं?

---

खारा_वारा

मी सांगतो, मी ती जागा बघितलीय. मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला असताना आमचं जहाज सुराबायाला आठ दिवस अडकलं होतं.

जुन्या गावात एक नदी आहे, तिच्यावर पूल. नाव जंबातान मेराह, म्हणजे लाल पूल. आता नावापुरते लाल कठडे, रिक्षा, भाजीवाले, आपल्या कुठल्याही जुन्या पेठेसारखा भाग. पुलाच्या बाजूला इंटरनाशिओ नावाची डच काळातली जाडजूड भिंतींची पेढी. ३० ऑक्टोबरला त्या इमारतीत सहाव्या मराठ्याची एक कंपनी अडकली होती आणि भोवती जमाव. मॅलबी आणि इंडोनेशियन पुढारी मोटारीतून शस्त्रसंधी झाल्याचं सांगत फिरत होते. इथं जमाव म्हणाला, आतल्यांनी हत्यारं टाकून बाहेर यावं. संध्याकाळ झाली, गोळी सुटली आणि मॅलबी मोटारीतच मारला गेला.

पहिली गोळी कुणाची यावर अजून भांडण आहे. इंडोनेशियन म्हणतात आतून आली, ब्रिटिश म्हणाले खून झाला. पण तिथं उभं राहिल्यावर मला वेगळंच सुचलं : त्या खिडक्यांच्या मागं सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीची पोरं होती. खाली गर्दी काय ओरडतेय ते एकालाही कळत नसणार.

जाता जाता झेंड्याचं सांगतो. तिथल्या एका मोठ्या हॉटेलवर १९ सप्टेंबरला डचांनी आपला झेंडा लावला : लाल, पांढरा, निळा. पोरं वर चढली आणि खालचा निळा पट्टा फाडून टाकला. उरला लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचा. नवीन झेंडा शिवायचीसुद्धा गरज पडली नाही. हॉटेल अजून आहे, फार महाग.

---

शंकासूर

निळा पट्टा फाडून टाकला!! हे म्हणजे एक नंबर.

---

अनवाणी

सगळं छान चाललंय पण कुणी स्पष्ट बोलेना म्हणून बोलतो. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यलढ्यावर पगार घेऊन गोळ्या झाडणाऱ्याला मराठीत भाडोत्री म्हणतात. मेडल मिरवायचं की लपवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

---

माणदेशी_मन्या

अनवाणी साहेब, मेडल कुणी मिरवलेलं नाही. साठ वर्षं ट्रंकेत होतं. आमच्याकडं तेव्हा कोरडवाहू सात एकर आणि खाणारी अकरा तोंडं. तात्या भरती झाले तेव्हा जावा कुठं आहे हे त्यांच्या साहेबालाही माहीत नसेल.

---

अनवाणी

गरीब सगळेच होते. तुरुंगात गेलेलेही गरीबच होते.

---

गोदाकाठ

अनवाणी, तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण शब्द चुकलाय. भाडोत्री माणूस कुणाच्या बाजूने लढायचं ते स्वतः निवडतो. या पोरांना बोटीत बसवून आणलं होतं, कैदी सोडवायला चाललोय असं सांगून. आणि कैदी खरेच होते : बायका-मुलं, जपानी छावण्यांत तीन वर्षं कुजलेली. सुराबायाच्या त्या तीन दिवसांत या बायका-मुलांनी भरलेल्या लॉऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा त्यांना वाचवताना मेलेल्यांत आपलेही जवान होते.

दुसरं, शेकडो भारतीय सैनिक तिथं पलटण सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले, काही तिथंच राहिले. म्हणजे निवड करणारेही होते. सगळे एका मापाचे नव्हते.

---

संपादक मंडळ

वैयक्तिक रोखाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुणाच्या आजोबांवर न घसरता चर्चा चालू द्यावी.

---

चाळीतली_चिमणी

एक मुद्दा राहतोय. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरच्या खलाशांनी बंड केलं, नौदलाचं बंड म्हणतो ते. त्यांच्या मागण्यांत डाळीत खडे नकोत इथपासून आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा इथपर्यंत सगळं होतं, आणि त्यात एक मागणी अशी होती : इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलवा. आपण शाळेत हे बंड वाचतो पण ही मागणी कुणी सांगत नाही. म्हणजे अनवाणी आज जे म्हणताहेत ते गणवेशातल्याच माणसांनी तेव्हा म्हटलं होतं, आणि शिव्या न देता.

तिकडं सिडनीच्या बंदरात डचांच्या जहाजांवर माल चढवायला गोदी कामगारांनी नकार दिला, तेव्हा भारतीय खलाशीही त्या संपात उतरले होते.

---

अनवाणी

चिमणीताई, मान्य. 'भाडोत्री' मागे घेतो. बाकी मत तेच.

---

शंकासूर

सर, मला साधा हिशेब सांगा. एकूण लढाया किती झाल्या, कोण जिंकलं? वर लिहिलंय त्यावरून सुराबाया इंडोनेशियाने जिंकलं ना?

---

पंतोजी_निवृत्त

नाही. पुढचा भाग ऐकलात तर हिशेबच फिरतो.

मॅलबी मेल्यावर ब्रिटिशांनी पाचवी भारतीय डिव्हिजन आणली. ९ नोव्हेंबरला जनरल मॅन्सर्गने फर्मान काढलं : सगळ्या पुढाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून हजर व्हावं, उद्या सकाळी सहाच्या आत हत्यारं जमा करावीत. त्या रात्री बुंग तोमो नावाचा पंचवीस वर्षांचा पोरगा रेडिओवर बोलला. मूळचा पत्रकार. कुणी हजर झालं नाही. १० नोव्हेंबरला पहाटे युद्धनौकांच्या तोफा, विमानं, रणगाडे, सगळं एकदम सुरू झालं. दोन-तृतीयांश शहर तीन दिवसांत पडलं, उरलेल्याला गल्ली-गल्ली करत तीन आठवडे लागले. इंडोनेशियन किती मेले? सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत आकडे दिले जातात. शहर रिकामं झालं, जपान्यांकडून मिळालेली बहुतेक हत्यारं तिथंच गेली. लष्करी भाषेत हा दणदणीत पराभव.

आणि तोच १० नोव्हेंबर इंडोनेशियात वीर दिन म्हणून पाळतात!

कारण ब्रिटिशांना त्या दिवशी कळलं की हे चार टाळक्यांचं बंड नाही. डच सांगत होते, "सुकार्णो जपान्यांचा हस्तक, लोक आमचीच वाट बघताहेत." सुराबायानंतर हे कुणाला पटेना. ब्रिटिशांनी डचांना उलटं सांगायला सुरुवात केली, बोलणी करा, आम्ही निघतो. नोव्हेंबर १९४६ अखेर ते निघालेही. तोवर सहाशेच्या आसपास माणसं गमावली होती, बहुतेक सगळी भारतीय.

आता लढाया. आंबारावा, डिसेंबर १९४५ : ही त्यांनी जिंकली. सेमारांगच्या वरचं घाटावरचं गाव. सुदिरमान नावाच्या माणसाने चार दिवस सर्व बाजूंनी दाबलं आणि ब्रिटिश-भारतीय फौज किनाऱ्याकडं मागं हटली. ब्रिटिश म्हणतात आम्ही तसेही निघालोच होतो. हरणारा नेहमी निघालेलाच असतो म्हणा. हा सुदिरमान मूळचा शाळामास्तर, वय एकोणतीस. अधिकाऱ्यांनी मतदान करून त्याला सरसेनापती निवडलं होतं. मास्तर असल्यामुळे माझा जरा पक्षपात आहे.

बांडुंग, मार्च १९४६ : ब्रिटिशांनी दक्षिण भाग रिकामा करायला सांगितला. लोकांनी केला, पण स्वतःची घरं पेटवून. जवळजवळ दोन लाख माणसं रात्रीतून डोंगराकडं चालत निघाली, मागं अख्खं गाव जळतंय. याला लढाई तरी म्हणायचं का?

बालीत मार्गाराना, २० नोव्हेंबर १९४६ : ङुराह राय आणि त्याचे पंचाण्णव सोबती डचांच्या वेढ्यात शेवटच्या माणसापर्यंत लढून मेले. तिकडं याला पुपुतान म्हणतात. आपल्याकडं जोहार-साका सांगतात, साधारण त्या जातीचं. बालीला फिरायला जाता ना, त्या विमानतळाला याचंच नाव आहे.

मग डच स्वतः आले, लाखाहून जास्त फौज घेऊन. जुलै १९४७ मध्ये दोन आठवड्यांत जावाचे मळे, साखर कारखाने, बंदरं आणि सुमात्राचे तेल-रबरचे पट्टे घेतले. डिसेंबर १९४८ मध्ये थेट राजधानी योग्याकार्ता. छत्रीधारी उतरले, दुपारपर्यंत शहर गेलं आणि सुकार्णो, हात्ता, बहुतेक सगळं मंत्रिमंडळच कैदेत.

तर शंकासूर, हिशेब करा. एक आंबारावा सोडलं तर सगळं हरलेलं. आणि २७ डिसेंबर १९४९ ला डचांनी सत्ता सोडली.

---

सह्याद्रीचा_छावा

याचं कारण एकच, गनिमी कावा! इंडोनेशियाच्या सेनापतींनी महाराजांचा अभ्यास केला होता, त्यांचे फोटो लावून लढले. इतिहासकार हे लपवतात. जय शिवराय!!

---

गोदाकाठ

छावा, महाराजांबद्दल आदर तुमच्याइतकाच आहे म्हणूनच सांगतो, याला काडीचा पुरावा नाही. तो व्हिएतनामी मंत्र्याचा रायगडवाला फॉरवर्ड दर सहा महिन्यांनी फिरतो, आता त्यात देश बदलला वाटतं. सुदिरमान आणि नासुतियोन आपल्या अनुभवातून शिकले. डोंगर, रयतेचा आधार आणि उघड्या मैदानात न सापडणं हे कुठल्याही दुबळ्या बाजूला सुचतं.

खरा दुवा हवा तर वेगळाच आहे आणि जरा कडू आहे. 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही मराठा पलटणीची युद्धघोषणा. सुराबायाच्या गल्ल्यांत ती ऐकू आली असेल तर ती स्वराज्य मागणाऱ्यांच्या विरुद्ध बाजूने.

---

शंकासूर

गोदाकाठ... हे वाचून चहा गार झाला.

---

डेल्फ्टकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथली बाजू थोडी सांगतो.

१९४७ आणि ४८ च्या मोहिमांना इथं युद्ध म्हणायचे नाहीत. शब्द होता 'पोलिटिओनेले आक्सीस', पोलिसी कारवाई. युद्ध म्हटलं तर समोर देश आहे असं कबूल करावं लागतं, आणि मग संयुक्त राष्ट्रं आली. पोलीस पाठवले म्हटलं की घरातली भानगड. आमच्या शेजारच्या आजोबांचा मोठा भाऊ तिकडं सक्तीच्या भरतीत गेला होता, विसाव्या वर्षी. परत आला आणि गप्प झाला म्हणे. मन्या, तुमचे तात्या वाचून मला तेच आठवले.

पश्चिम जावात रावागेडे म्हणून गाव आहे. ९ डिसेंबर १९४७ ला डच तुकडी एका पुढाऱ्याला शोधत आली, तो सापडला नाही, तेव्हा गावातले पुरुष रांगेत उभे करून मारले. गावकरी आकडा सांगतात ४३१. त्या विधवा म्हाताऱ्या झाल्यावर हेगच्या कोर्टात गेल्या आणि २०११ साली जिंकल्या. प्रत्येकीला वीस हजार युरो आणि सरकारची माफी. चौसष्ट वर्षांनी. राजाने इंडोनेशियात जाऊन माफी मागितली ती २०२० मध्ये.

---

गोदाकाठ

पोलिसी कारवाई! आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हा शब्द घरचा. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून 'पोलीस ॲक्शनच्या आधी, नंतर' असंच साल सांगतात. सप्टेंबर १९४८. रणगाडे आले, विमानं आली, पण म्हणायचं पोलीस. हैदराबाद आणि जावा यांत फरक खूप आहे, तुलना करत नाही. पण दिल्लीने शब्द कुठून उचलला असेल हा विचार आता पिच्छा सोडणार नाही. डचांनी तो वर्षभर आधी वापरला होता आणि डचांचा सगळ्यात मोठा टीकाकार तेव्हा भारतच होता.

---

खारा_वारा

पंतोजी सर, 'सगळं हरले तरी जिंकले' हे अर्धंच झालं. मधलं राहिलं. योग्याकार्ता पडल्यावर काय झालं ते सांगा की.

---

पंतोजी_निवृत्त

येतो त्याच्याकडं. हात दुखतो टंकून, वय झालं.

योग्याकार्ता पडलं त्या सकाळी सुदिरमान क्षयाने आजारी होता, एक फुप्फुस कामातून गेलेलं. सुकार्णो म्हणाले, शहरातच राहा, उपचार घ्या. तो म्हणाला, माझी जागा सैनिकांत. उठता येत नव्हतं म्हणून डोलीत घालून नेला. पुढचे सात महिने तो डोलीतूनच डोंगर-जंगलात फिरत राहिला. त्या डोलीचा फोटो बघा कधीतरी. साधी लाकडी खुर्ची, दोन बांबू, आत ओव्हरकोट घातलेला हाडांचा सापळा.

राजकीय पुढारी पकडले गेले, सेनापती नाही. सुमात्रात असलेले मंत्री शफरुद्दीन यांनी हंगामी सरकार उभं केलं. डचांनी शहरं आणि सडका घेतल्या, गावं त्यांच्या हाताला लागली नाहीत. दिवसा डच, रात्री रिपब्लिक. आधी एका जागी असलेली फौज आता ठिकठिकाणी झाली आणि डचांचे सगळ्यात जास्त बळी या शेवटच्या महिन्यांतच पडू लागले. राजधानी जिंकून डचांनी स्वतःचीच मान अडकवून घेतली.

आणि १ मार्च १९४९. सकाळी सहाला संचारबंदी उठल्याचा भोंगा व्हायचा, तोच इशारा. भोंगा झाला आणि सगळ्या बाजूंनी योग्यात शिरले. सहा तास शहर हातात ठेवलं आणि दुपारी बारापर्यंत गुमान बाहेर. डचांनी दुपारी परत घेतलं.

---

शंकासूर

म्हणजे तीही हरलेच की! सहा तासांसाठी कशाला माणसं मारून घ्यायची?

---

पंतोजी_निवृत्त

कारण डच जगाला सांगत होते की रिपब्लिक संपलं, फौज नावाची चीज उरलेली नाही. सहा तासांनी ते खोटं पडलं. बातमी बिनतारी यंत्रावरून जावातून सुमात्रात, तिथून रंगूनमार्गे दिल्लीला गेली. जानेवारीतच नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद घेऊन सुरक्षा समितीवर दबाव आणलेला. डच विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातलेली. त्याआधी बिजू पटनाईकांनी जुलै १९४७ मध्ये स्वतः विमान उडवून रिपब्लिकचे पुढारी शहरियार यांना जावातून बाहेर काढलं होतं.

---

डेल्फ्टकर

सर, शारिर. सुतान शारिर. :)

---

पंतोजी_निवृत्त

बरोबर, शारिर. चष्मा बदलायला झालाय.

---

खारा_वारा

१ मार्चचं श्रेय कुणाचं यावरही तिकडं मोठा वाद आहे. हल्ल्याचं नेतृत्व केलं लेफ्टनंट कर्नल सुहार्तोने, तोच पुढं बत्तीस वर्षं गादीवर बसला. त्याच्या काळात सगळं श्रेय त्याचं. तो गेल्यावर लोक मोकळेपणी म्हणायला लागले की कल्पना योग्याच्या सुलतानाची होती. हा नववा हामेंकुबुवोनो, राजवाड्यात बसून डचांना दाद न देणारा माणूस. टॅक्सीवाल्याला विचारलं तर तो सुलतानाचंच नाव घेणार, योग्याचा असेल तर नक्कीच.

---

अनवाणी

शेवटी डच गेले ते अमेरिकेमुळं. मार्शल योजनेचे, म्हणजे युद्धानंतर युरोपला द्यायच्या अमेरिकन मदतीचे, पैसे अडकवायची धमकी आल्यावर गुपचूप टेबलावर आले. लढाया-बिढाया ठीक आहे.

---

पंतोजी_निवृत्त

अनवाणी, अर्धं मान्य. पण अमेरिका १९४७ मध्ये डचांच्या बाजूला झुकलेली होती, १९४९ मध्ये का वळली? एक, सप्टेंबर १९४८ मध्ये मादियुनला कम्युनिस्टांनी उठाव केला आणि रिपब्लिकने तो स्वतः मोडला. त्यामुळे वॉशिंग्टनला हे लोक चालतील असं वाटलं. दुसरं, डच जिंकत होते पण संपवू शकत नव्हते. न संपणाऱ्या लढाईला सावकार किती दिवस पैसे देणार?

आणि फुकट काही मिळालं नाही. सत्ता सोडताना डचांनी ४३० कोटी गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या गळ्यात घातलं. म्हणजे ज्या फौजेने त्यांना मारलं तिच्या खर्चाचा वाटाही बऱ्याच अंशी त्यांनीच उचलायचा. पश्चिम न्यू गिनी तर दिलाच नाही. सुदिरमान सत्तांतरानंतर जेमतेम महिन्याभराने गेला, २९ जानेवारी १९५० ला. चौतीस वर्षांचा होता.

---

चाळीतली_चिमणी

सर, ही सगळी माहिती एका वेगळ्या लेखात लिहाच. वाचनखूण साठवलीय.

मन्या, नोटेवरचा मुकुटवाला कोण ते माझ्या नाणी-नोटा जमवणाऱ्या दिरांना विचारलं. जपानी अमलातली १९४४ ची नोट. तो वायांग नाचातला गातोत्काचा, म्हणजे आपला घटोत्कच! जपान्यांनी छापलेल्या नोटेवर भीमाचा पोरगा.

---

खारा_वारा

आणि बुंग तोमोची ती रेडिओवरची आरोळी सांगायची राहिली. 'मर्देका आताउ माती'. मर्देका म्हणजे स्वातंत्र्य, आताउ म्हणजे किंवा, माती म्हणजे मरण. त्यांच्या भाषेत 'माती' म्हणजे मरणे. भिंतीवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकलोच, आपण 'माती झाली' म्हणतो तेच की. तेव्हा म्हणे प्रत्येक भिंतीवर, ट्रामवर, आगगाडीच्या डब्यावर हेच रंगवलेलं असायचं. एकमेकांना भेटल्यावरही हात वर करून 'मर्देका!' म्हणायचे. तात्यांनी काही नाही तरी हा शब्द रोज शंभरदा ऐकला असणार.

---

माणदेशी_मन्या

मंडळी, उशीर झाला उत्तराला. सगळ्यांचे आभार, अनवाणींचेही. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर लिहून पत्र टाकलंय, बघू काय येतं.

खारा_वारा यांचा वरचा प्रतिसाद वाचला आणि मी रात्री साडेदहाला आत्याला फोन लावला. आत्या आता ब्याऐंशीची. आधी घाबरली, एवढ्या रात्री कोण गेलं म्हणून. मी विचारलं, "आत्या, आपल्या बैलाचं नाव मर्द्या कुणी ठेवलं?"

म्हणाली, "तात्यानं. अन् मर्द्या तुम्ही म्हणायचा रं पोरं. तात्या मर्देका म्हणायचा. आई म्हणायची हे काय बैलाचं नाव हाय का, सर्जा म्हणा, राजा म्हणा. त्यानं ऐकलं न्हाई."

विचारलं, का ठेवलं काही बोलले होते का. आत्या म्हणाली, "कशाला बोलतोय त्यो. पण गोऱ्हा असल्यापास्नं लई व्दाड होता. कितीबी जाड दावं लावा, आठ दिसांत तोडायचा. तात्या सकाळी उठून रिकामा खुंटा बघायचा अन् एकटाच हसायचा."